४०६० मोठं की ३०८०?

मी घरबसल्या इंटिरियरची कामं करते. लोकांना त्यांचं न झालेलं स्वयंपाकघर संगणकावर झालेलं दाखवते. गेल्या वर्षी माझा संगणक एकेका चित्राला इतका वेळ घ्यायला लागला, की तेवढ्यात गवंडी खरा ओटा बांधून मोकळा झाला असता. नवीन घ्यायचं ठरलं आणि धाकटे दीर सोबत निघाले. भाऊजी अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. नटबोल्ट घेणाऱ्याला जगातलं काहीही घेता येतं, असा आमच्या घरात समज आहे.

कॉलेज रोडवरच्या दुकानदाराने दोन संगणक पुढे केले. एकात ४०६० नावाचं ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात ३०८०, जुन्या मालातलं. भाव जवळपास सारखाच. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं भाऊजींना मिळत होती.

"चित्र लवकर कशावर तयार होईल?"

"सर, चार हजारवालं एकदम लेटेस्ट आहे."

"साधं आहे वहिनी," भाऊजी म्हणाले. "तीन हजारापेक्षा चार हजार मोठं. पहिलीतल्या पोरालाही कळतं."

पहिलीतल्या पोराला तेवढंच कळतं, ही अडचण होती. मी बरंच वाचून गेले होते. यातले पहिले दोन आकडे पिढीचे, पुढचे दोन त्या पिढीतल्या पायरीचे. म्हणजे ३०८० आधीच्या पिढीतलं, पण वरच्या पायरीवरचं. ४०६० नव्या पिढीतलं, पण खालच्या. शिवाय काही नावांमागे 'टीआय', 'सुपर' अशी शेपटं. बारशाला चार आत्या हट्टाला पेटल्यासारखी. हे सगळं मी समजावून सांगितलं. पाहुण्यांपुढे कविता म्हणणाऱ्या मुलीचं ऐकतात, तसं दोघांनी हसतमुखाने ऐकलं.

मग मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "माझी ही फाइल दोन्हींवर चालवून दाखवा."

"मॅडम, त्याची काही गरज नाही हो." दुकानदार पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"मला आहे."

नाइलाजाने त्याने दोन्ही एकदम सुरू केले. ३०८० वर ओटा, टाइल्स, खिडकीतलं ऊन सगळं लख्ख उमटलं, तेव्हा ४०६० वरच्या टाइल्स अजून रवा सांडल्यासारख्या दिसत होत्या. दुकानदार मॉनिटरची वायर तपासू लागला.

"पण याचा पंखा फार ओरडतो," भाऊजी म्हणाले.

"हो, आणि वीजही जास्त खातं," मी म्हणाले. "तरी हेच द्या."

घरी आल्यावर भाऊजींनी सासूबाईंना सांगितलं, "मी म्हटलं, नुसत्या आकड्यावर जायचं नाही. चालवून बघायचं." सासूबाईंनी कौतुकाने त्यांचा कप पुन्हा भरला. मला राग आला, पण भांडण्यापेक्षा आतल्या खोलीत जाऊन संगणक जोडण्यात जास्त सुख होतं.

भाऊजींची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या सुमारास नामपूरहून त्यांच्या साडूंचा फोन आला. लेकीसाठी संगणक घ्यायचा होता. भाऊजींनी दोनदा "अच्छा, अच्छा" केलं आणि फोन माझ्या हातात ठेवला. "वहिनी, तुम्हीच सांगा जरा, मी गडबडीत आहे." आणि ते सोफ्यावर बसले.

"ताई, सगळ्यात मोठा आकडा कोणता तेवढा सांगा," साडू म्हणाले.

"तिला त्यावर काय काम करायचंय?"

"ते काही विचारलं नाही बुवा."

"मग तिलाच फोन द्या ना."

जरा खुडबुड झाली, आणि एक मुलगी हळूच म्हणाली, "हॅलो, मावशी? मला घरांचे नकाशे काढायचेत."

मी खुर्ची ओढून बसले.