अक्काच्या नळावरची डबी

पुण्यातली नोकरी सोडून मी जळगावला परत आलो तेव्हा चौतिशीत होतो आणि डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. तीन दिवसांनी, कधी पाच दिवसांनी, आणि तेही अमुक वेळेला येईल असं नाही. त्यामुळे घरातलं कोणीतरी सतत अडकून पडतं. मी एक छोटी डबी तयार केली. ती नळाला बसवायची, घरच्या वायफायला जोडायची. पाइपात पाणी आलं की मोबाइलवर संदेश: ‘पाणी आले आहे.’ बस्स, एवढंच तिचं काम.

कंपनीचं उद्घाटन आमच्या पुढच्या खोलीत झालं. नाना, म्हणजे माझे वडील, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जुने सहकारी बोलावले, जुने विद्यार्थी बोलावले. फीत कापायला नळ-पाइपच्या दुकानाचे शेठ आले. तेही नानांचे विद्यार्थी. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. त्यांनी डबी हातात फिरवून पाहिली, “भारी शे,” म्हणाले आणि दुकानाच्या काचेत मांडायला दहा डब्या नेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नानांनी ते कात्रण लॅमिनेट करून आणलं.

पहिल्या तीसेक डब्या मी नातलगांकडे आणि ओळखीच्यांकडे फुकट बसवल्या. अट एकच घातली होती: महिनाभर वापरा आणि खरं काय ते सांगा. महिन्याने सगळ्यांच्या मोबाइलवर प्रश्नावली पाठवली. वाईट असेल तेच आधी लिहा, असं वर ठळक अक्षरात लिहिलं. उत्तरं भराभर आली. ‘काय त्रास झाला?’ या प्रश्नापुढे कुणी ‘काहीच नाही’ लिहिलं, कुणी ‘अभिमान वाटतो’, कुणी नुसते हात जोडले. सगळ्यांचे पाचपैकी पाच तारे. सावद्याच्या मामांकडे डबी बसवायला जायचं माझं राहूनच गेलं होतं. न पाहिलेल्या डबीला त्यांनीही पाच तारे दिले.

माझ्या लॅपटॉपवर कुठली डबी चालू आहे आणि कुठली बंद, ते दिसायचं. तिसातल्या सहा-सात चालू असायच्या. बाकीच्यांपुढे लाल ठिपका. मी एकेकाला फोन करायचो.

“काका, डबी चालतेय ना?”

“एकदम मस्त! परवाच मेसेज आला.”

समोर स्क्रीनवर त्यांची डबी बारा दिवसांपासून बंद दिसत असायची. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘तुम्ही खोटं बोलताय’ कसं म्हणायचं? मी “बरं बरं” म्हणून फोन ठेवायचो. मग स्वतःचीच समजूत घालायचो, की रेंज नसेल, वीज गेली असेल, वायफाय बंद करून ठेवत असतील.

इकडे नानांचा उत्साह ओसंडत होता. माझ्या लग्नाच्या बायोडेटात त्यांनी ‘नोकरी’ खोडून ‘स्वतःची कंपनी’ असं छापून घेतलं. बँकेत, दवाखान्यात, भाजी घेताना ते लोकांना थांबवून डबीची माहिती सांगायचे. मी सोबत असलो की माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या हाताखाली मला हलता यायचं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. कौतुक करणाऱ्याशी कसं भांडणार?

असे चार महिने गेले. एका शनिवारी मी धुळ्यातल्या एका दुकानदाराला भेटायला गेलो. तो गावाला गेलेला. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून रिक्षाने पांझरेचा पूल ओलांडून देवपूरला अक्काकडे गेलो. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. प्राथमिक शाळेत शिकवते. एरवी मी आधी फोन करून जातो. त्या दिवशी केला नाही.

दार उघडल्यावर तिचा चेहरा क्षणभर उतरला. “अरे, कळवायचं ना!” म्हणाली.

मी मागच्या गॅलरीत पाय धुवायला गेलो. नळावर डबी नव्हती. तिच्या पट्टीचे दोन वळ तेवढे पाइपावर दिसत होते.

“अक्का, डबी कुठंय?”

“आहे ना आत. पुसायला काढलीय.”

तिला खोटं बोलता येत नाही. ती गडबडून लगेच आत गेली आणि कपाटातून स्टीलचा डबा घेऊन आली. आत माझी डबी, वायरीची नीट गुंडाळी करून रबर लावलेला, आणि वर माहितीपत्रकाचा कागद घडी घालून ठेवलेला. मग माझ्या लक्षात आलं. सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर तिची डबी तीनदाच चालू दिसली होती, आणि ते तिन्ही दिवस मी धुळ्यात, तिच्याच घरी होतो.

“मी यायचो तेव्हा बसवायचीस?”

“हो,” ती म्हणाली आणि खाली बसून मेथी निवडायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती.

“का पण? चालत नाही का ती?”

“चालते. म्हणून तर काढली.”

मला काही कळेना. मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, “अक्का, तुला माझी शपथ. जे असेल ते सांग.”

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग बोलली. “तू बसवायला आलास तेव्हा विचारलंस, नंबर कोणाचा टाकू. आठवतंय? हे म्हणाले, हिचाच टाका, पाणी हिच्याकडे. तू टाकलास. आता मी वर्गात असते. फळ्यावर गणित अर्धं, आणि फोन थरथरतो: पाणी आले आहे. मी काय करू? पोरं सोडून घरी येऊ? दोनदा आले अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तिसऱ्यांदा मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं. नाही आले तर संध्याकाळी हे विचारतात, मेसेज आला होता ना? मग? आधी मला कळायचंच नाही, तर कोणी विचारायचंही नाही.”

“पण आधी पाणी भरायचं कोण?”

“खालच्या काकू. पाणी आलं की हाक मारायच्या. मी नसले तर त्यांचं भरून झाल्यावर जिन्याखालच्या आमच्या ड्रममध्ये पाइप सोडून द्यायच्या. इतकी वर्षं तसंच चाललंय. तुझी डबी लागली आणि त्यांनी हाक मारणं बंद केलं.”

तेवढ्यात त्या काकूच विरजण मागायला वर आल्या. माझ्या हातातली डबी बघून हसल्या. साठीच्या पुढची, शिरपूरकडच्या खेड्यातली बाई, मनात येईल ते बोलणारी. मी त्यांनाही विचारलं.

“तुनं यंत्र चांगलं शे रे भाऊ,” त्या म्हणाल्या. “पन ते हंडा भरस का?”

अक्का ओठ दाबून हसली आणि पुढच्याच क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी पाच तारे दिले नाहीत,” ती म्हणाली. “यांनी माझ्या फोनवरून दिले. म्हणाले, भावाचं नुकसान करायचंय का? मला वाटलं, तुला सांगितलं तर तू नोकरी सोडून बसलेला, नानांनी सगळ्या गावाला सांगितलेलं... मग तू जाशील कुठे?”

मला राग आला. तिचा नाही, मेहुण्यांचाही तेवढा नाही. माझा स्वतःचा आला. तीस घरांत मी ‘नंबर कोणाचा टाकू’ असं विचारलं होतं आणि बहुतेक घरांत पुरुषांनी बायकोचा नंबर सांगितला होता. मी एकदाही मान वर केली नव्हती. आमच्या घरी आई होती तोवर पाणी तीच भरायची. ती गेल्यावर कामाला बाई आली. मी जन्मात कधी पाण्यासाठी ताटकळलो नव्हतो.

सुधारणा करता येईल असं वाटून मी हट्टाने अक्काच्या डबीवर मेहुण्यांचाही नंबर टाकला. दोन दिवसांत त्यांचा फोन आला. “माझा काढा बुवा. ऑफिसात मीटिंगमध्ये वाजतं. बरं नाही दिसत.” मी पुढच्याच आठवड्यात देवपूरला गेलो आणि डबी काढून घेऊन आलो.

नानांना सांगायला मला पंधरा दिवस लागले. ते आरामखुर्चीत बसून शांतपणे ऐकत होते. अक्का काय म्हणाली, काकू काय म्हणाल्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “नाना, हे बंद करावं लागेल.”

“बघू,” ते म्हणाले. “पण रविवारी तुझा सत्कार आहे. पत्रिका वाटून झाल्यात.”

मी गेलो. नाही म्हणायचं बळ नव्हतं. नानांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. एक वक्ते म्हणाले, या मुलाने आपल्या माता-भगिनींची वणवण थांबवली. टाळ्या पडल्या. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. खरं बोलायचं ठरवूनच मी माइकपाशी गेलो होतो. पहिल्या रांगेत नाना बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाळ्यांसाठी हात आधीच वर. मी म्हणालो, “तुम्हा सर्वांचा ऋणी आहे.” आणि खाली येऊन बसलो. शाल काढता येईना, घाम येत होता.

दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानात गेलो. डब्या काचेत नव्हत्या. त्यांनी मागच्या फळीवरून खोकं काढलं.

“चार गेल्या होत्या, चारही परत आल्या. द्यायला बायकाच आल्या,” ते म्हणाले.

“मला सांगितलं का नाही तुम्ही?”

शेठनी खोक्याचं झाकण लावलं. “नानांनी माझा हात धरून मला अक्षरं शिकवली. त्यांच्या पोराला मी काय तोंडाने सांगू?”

मी खोकं रिक्षात घालून घरी आणलं.

कंपनी बंद केली. आज मी एमआयडीसीत पाइपांच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. काम बरं आहे. अक्काकडच्या काकू आता पुन्हा हाक मारतात, पण डबी काढल्यावर लगेच मारायला लागल्या नव्हत्या. अक्काला स्वतः जाऊन, वाटीभर लोणचं देऊन, गोड बोलावं लागलं. मला काही खुपलं तर ती आता फोनवर सरळ सुनावते, आणि ते मला बरं वाटतं.

नानांपुढे मात्र तो विषय मी पुन्हा काढलेला नाही, त्यांनीही नाही. परवा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तिथे त्यांचे एक जुने सहकारी भेटले. माझी पाठ थोपटून त्यांनी विचारलं, “काय म्हणते कंपनी?”

नाना माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे त्यांना माझा चेहरा धड दिसत नसावा.

“चांगली चाललीय,” मी म्हणालो.