गाडी अकराच देते!

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भेळेच्या पुड्याला जाते. जी छापता येत नाही, ती मात्र चहाबरोबर वर्षानुवर्षं पुरते. भाईंदर पश्चिमेला महापालिकेच्या मागच्या गल्लीत एक टपरी आहे. तिथे आम्ही तिघं रोज अकराच्या सुमारास जमतो. मी सावंत, तीस वर्षं बातमीदारी केली, अजून करतोय. दुसरा जनार्दन पाटील, म्हणजे जन्या, राई गावचा, फोटोग्राफर. तिसरा मेहता, वर्तमानपत्रांना जाहिराती मिळवून देणारा. नगरसेवकांचे, इंजिनीअरांचे, नाल्यांचे आणि ठेकेदारांचे इतके किस्से आमच्याकडे साठलेत की कुठला कुणाला सांगून झालाय हेही आठवत नाही.

गुढीपाडव्याला मी गाडी घेतली आणि हे सगळे किस्से बंद पडले. तेव्हापासून टपरीवर फक्त माझेच किस्से चालतात. जन्या मीठमसाला लावून सांगतो. त्यापेक्षा मीच सांगतो.

*

शोरूममध्ये सेल्समन म्हणाला, ‘‘सर, बावीस देते.’’

मी विचारलं, ‘‘कुणाला?’’

तो हसला. मी हसलो नाही. आयुष्यभर ज्याने ज्याने मला छातीठोक आकडा सांगितलाय, त्याच्या मागे काहीतरी निघालंय. पण बायकोचे गुडघे दुखतात, रिक्षात चढताना तिचे हाल होतात, म्हणून सही केली. छोटी गाडी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी.

पहिली टाकी संपत आली तेव्हा स्टिअरिंगमागच्या पडद्यावर ॲव्हरेज दिसलं. अकरा.

बावीसचे बरोब्बर निम्मे! हा योगायोग नव्हे. अर्धं पेट्रोल कुणीतरी पितंय, हे मी त्याच क्षणी ओळखलं.

टपरीवर सांगितलं तर मेहता शांतपणे म्हणाला, ‘‘सावंतभाई, गाड्यांच्या जाहिराती मी वीस वर्षं छापून आणल्या. तो बावीसचा आकडा एकदम खरा असतो. रस्ता खोटा असतो!’’

जन्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. ‘‘सावंत, ही गाडी हाय का म्हैस? खाते किती नि देते किती!’’

*

पहिला संशय पेट्रोल पंपावर.

पंपावर पाच लिटरचं सरकारी शिक्का मारलेलं माप असतं. गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं. हे कुणी मागत नाही. मी मागितलं.

हायवेवरच्या पंपावर संध्याकाळी साडेसहाला मी गाडी आडवी लावली आणि मॅनेजरला बोलावलं. तो माप शोधायला आत गेला. मागे रांग काशिमीऱ्याच्या सिग्नलपर्यंत गेली असावी. हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला खाली उतरून आला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, ‘‘चाचा, पेट्रोल भरवाना है या छापा मारना है?’’

माप आलं. पेट्रोल ओतलं. मी गुडघ्यावर बसून, चष्मा वर करून, डोळा रेघेला लावला.

पेट्रोल रेघेच्या किंचित वर होतं.

मॅनेजर म्हणाला, ‘‘साहेब, जास्तीचं परत घेऊ का?’’

मी त्याला तेव्हाच सांगितलं, ‘‘मी येणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं.’’ आता मी त्या पंपावर गेलो की काच खाली करायच्या आतच ते लोक माप घेऊन उभे असतात. यावरून काय समजायचं ते समजा. माझा संशय अजून गेलेला नाही.

*

पंप सुटला, म्हणजे चोरी पार्किंगमध्ये.

मीरा रोडला आमच्या सोसायटीत माझी गाडी खांबामागे उभी असते. कॅमेऱ्यात फक्त तिचं मागचं चाक दिसतं. वॉचमन मिश्राजींना मी विचारलं, ‘‘मेरी गाडी के पास कौन आता है?’’

ते म्हणाले, ‘‘साहब, बिल्ली आती है।’’

मांजर पेट्रोल पीत नाही, एवढं मलाही कळतं. मी पेट्रोलच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली. निवडणुकीत मतपेट्यांना लावतात तशी. तिच्यावर तारीख घातली आणि आडवी सही केली, म्हणजे पट्टी फाटली तर सही तुटेल. रोज सकाळी खाली जाऊन सही तपासायची.

बायकोने गॅलरीतून पाहिलं. ‘‘अहो, तिला सील केलंत? भाजी आणायला जायचं असलं तर पंचनामा करून न्यायची का?’’

आठ दिवसांनी पंपावर गेलो. तिथल्या माणसाने पट्टी बघितली आणि नळी हातात घेऊन मागे सरकला. ‘‘साहब, कोर्ट का मामला है तो हम हाथ नहीं लगाएँगे।’’

शेवटी मीच माझी सही फाडली. सील शाबूत, सही शाबूत, ॲव्हरेज अकरा!

*

मग उरली कंपनी.

हायवेला लागून वर्कशॉप आहे. तिथे सोनावणे नावाची मुलगी भेटली. वय चोवीस-पंचवीस. गाडीची तक्रार ऐकून घ्यायची, तपासून घ्यायची, हे तिचं काम. वडील मराठवाड्यातून इकडे नोकरीला आलेले, आता घरी असतात. ती भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते, असं बोलता बोलता कळलं. माणूस कोण आहे हे मी आधी काढून घेतोच.

तिने फॉर्म पुढे घेतला. ‘‘सर, टायरमध्ये हवा कधी तपासली?’’

‘‘परवा.’’

‘‘रोज साधारण किती किलोमीटर होतात?’’

‘‘वीस-बावीस.’’

‘‘आणि सर, गाडी...’’

मी तिला तिथेच थांबवलं. ‘‘मॅडम, तीस वर्षं प्रश्न मी विचारतोय. गुन्हा गाडीने केलाय, जबाब माझा कसला घेताय?’’

तिने फॉर्म बाजूला ठेवला. गाडीला यंत्र जोडलं, प्लग पाहिले, फिल्टर पाहिला, चाकं उचलून हाताने फिरवून ब्रेक धरतोय का तेही पाहिलं. दोष काही सापडला नाही. मग म्हणाली, ‘‘टाकी काठोकाठ भरू, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. परत येऊन पुन्हा भरू. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल मावेल तेवढंच गाडीने प्यायलं.’’

गाडी निघाली. घोडबंदर रोडने चेणे गावाच्या पुढे, आणि तिथून वळून परत. एका हाताने चालवत नव्हती, गिअर वेळेवर टाकत होती, समोर सिग्नल दिसला की लांबूनच पाय उचलत होती. मी तिच्या पायांवरची नजर काढली नाही.

पुन्हा टाकी भरली. हिशेब आला एकोणीस!

मी म्हणालो, ‘‘तुम्ही मुद्दाम उताराचा रस्ता निवडलात.’’

ती म्हणाली, ‘‘सर, जाताना उतार असेल तर येताना तोच चढ असतो ना?’’

वर्कशॉपमधले दोन मेकॅनिक हसले. ते हसले नसते तर पुढचं काही झालं नसतं.

*

घरी येऊन मी कंपनीला मेल लिहिली. ‘ग्राहकाची दिशाभूल’, ‘संगनमत’, ‘उद्धट वर्तन’. एकाही शब्दाला धक्का लावता येणार नाही अशी मेल. नाव लिहिलं, सोनावणे.

चौथ्या दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन. ‘‘सर, आम्ही तुमची तक्रार फार सिरीअसली घेतली आहे. त्या मॅडम प्रोबेशनवर आहेत. येत्या सोमवारी त्यांचं कन्फर्मेशन होणार होतं, ते थांबवलंय. बहुतेक जातीलच.’’

मी विचारलं, ‘‘आणि गाडीचं काय?’’

‘‘गाडीत तर काही दोष नाही ना, सर!’’

टपरीवर मेहताने माझी पाठ थोपटली. जन्या म्हणाला, ‘‘तुझी मेल म्हंजे अग्रलेखच रं!’’ मी खूश होऊन घरी आलो आणि जेवताना बायकोला सांगितलं.

ती आमटी वाढता वाढता थांबली. ‘‘त्या मुलीने खोटं सांगितलं होतं का?’’

‘‘ते अजून सिद्ध व्हायचंय.’’

‘‘मग शिक्षा आधी कशी झाली?’’

मी म्हणालो, हा कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे. ती म्हणाली, ‘‘हे वाक्य महापालिकेचे साहेब तुम्हाला ऐकवतात तेव्हा तुम्ही दोन कॉलम लिहिता.’’

त्या दिवशी तिने मला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

*

शनिवारी सकाळी आठला मी गाडीपाशी गेलो तर मिश्राजींच्या शेजारी सोनावणे उभी. कंपनीच्या शर्टात नव्हती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. हातात एक वही.

मी सावध झालो. ‘‘पत्ता कुणी दिला?’’

‘‘जॉबकार्डवर तुम्हीच लिहिलाय, सर.’’

‘‘तक्रार मागे घ्या म्हणायला आला असाल तर...’’

‘‘नाही सर. सोमवारी मला आत बोलावतील. गाडी अकरा का देते हे मला तेव्हा सांगता आलं पाहिजे. मला ते अजून माहीत नाही.’’ तिने वहीचं कोरं पान काढलं. ‘‘माझी आज सुट्टी आहे. तुम्ही रोज गाडी वापरता तशी आज वापरा. मी फक्त शेजारी बसते. बोलणार नाही.’’

लपवायचं काही नसलं की माणूस घाबरत नाही. मी दार उघडून दिलं. बसा!

आधी माझे फोन. मला बातम्या देणारी माणसं सकाळी आठ ते नऊ बोलतात. घरात भिंती पातळ आहेत, शेजारी एका ठेकेदाराचा मेव्हणा राहतो. म्हणून फोन मी गाडीत बसून करतो. काचा बंद, कारण मिश्राजींनाही कान आहेत. मे महिन्यात काचा बंद म्हणजे एसी चालू. नाल्याच्या कामाबद्दल एक फोन पस्तीस मिनिटं चालला, दुसरा वीस. सोनावणे पुढे बघत बसली होती. मला वाटलं, तिला माझ्या कामाचं गांभीर्य कळतंय.

मग बँक, मग बायकोचं औषध, मग अकराला टपरी.

टपरीवर उभं राहून बोलायचे दिवस गेले. बाकावर दुसऱ्या पेपरची मुलं बसतात, कोपऱ्यात बिल्डरचे लोक असतात. त्यामुळे पाडव्यापासून आमची बैठक माझ्या गाडीत भरते. मी गाडी टपरीसमोर उन्हात लावली. काचा बंदच होत्या. जन्या आणि मेहता ठरल्याप्रमाणे मागे येऊन बसले. पुढे सोनावणेला बघून दोघं जरा चपापले.

‘‘कंपनीकडून चौकशीला आल्यात,’’ मी म्हणालो. ‘‘यांच्यासमोरच बोलू. एकदा कळू दे त्यांनाही.’’

चहाचे चार ग्लास खिडकीतून आत आले, काच पुन्हा वर गेली.

‘‘तर,’’ मेहताने सुरुवात केली, ‘‘काल कुठपर्यंत आलो होतो?’’

‘‘पंपाचं झालं, पार्किंगचं झालं,’’ जन्या म्हणाला. ‘‘आता वर्कशॉप हाय. बाय, तुमच्यावर हाय बरं का, रागवू नको.’’

‘‘नाही रागवत, काका. चालू द्या.’’

चालू दिलं. मेहताचं म्हणणं, कंपनीने पडद्यातच गडबड केलीय. जन्याचं म्हणणं, टाकीला बारीक भोक असणार. ‘‘पन खाली डाग कसा न्हाय?’’ हाही प्रश्न त्यानेच काढला आणि मग बराच वेळ त्याचाच कीस पाडला. मी मुद्दे सांगितले. कुणाचा फायदा, कुणाला संधी, कुणाला माहिती. मेहता म्हणाला, एसी जरा वाढव, मागे पोचत नाही. मी वाढवला. दुसरा चहा आला.

तास होऊन गेला असेल. मी सोनावणेला विचारलं, ‘‘काय मॅडम, वहीत काही लिहिलं नाहीत?’’

‘‘सर, हे रोज असतं?’’

‘‘रोज. रविवार सोडून. जोवर चोर सापडत नाही तोवर.’’

‘‘आणि सकाळचे फोन?’’

‘‘तेही रोज.’’

तिने पडद्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सकाळी घरून निघताना तिथे अकरा होतं. आता दहा पूर्णांक सहा होतं आणि गाडी टपरीसमोरून तसूभरही हललेली नव्हती.

‘‘एक मिनिट हं, सर,’’ असं म्हणून ती माझ्या बाजूला वाकली आणि तिने किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं, एसी थांबला. इतके दिवस कानाला सवय झालेला तो बारीक आवाज गेल्यावर बाहेरचा टपरीवाला आलं कुटतोय तेही ऐकू यायला लागलं. मी खिशातून मोबाईल काढला, मॅनेजरचा पत्ता शोधला आणि मेल लिहायला घेतली. सुरुवात तीन वेळा खोडली. सोनावणेने तोंड खिडकीकडे वळवलं होतं. तिने ओढणीने डोळे पुसले की कपाळ, ते मला दिसलं नाही.

दोन मिनिटांत गाडीची भट्टी झाली. मागून जन्याने माझ्या खांद्यावर थाप मारली.

‘‘अरं सावंत, बायने गाडी बंद का केली? चालू कर ना! अजून चोर कुठं सापडलाय?’’