तिने पुढे केलेलं कपाळ

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं जर्मनीला गेलो होतो. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटीच राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि मला तरी कुठे येतंय! जर्मन तर शून्य. घराबाहेरच्या माणसाशी हिंदीत बोलायचं, ही आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांची खोड तिथेही सुटेना. मी आपली बेधडक म्हणायची, "आओ, बैठो, चाय पियो." आणि ती खुशाल बसायची.

सफरचंदं सोलता सोलता ती नवऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून काहीबाही सांगायची, मी माझ्या गुडघ्यांचं रडगाणं गायची. "गुट?" ती विचारायची. बरं आहे ना, एवढाच त्याचा अर्थ. मी म्हणायची, "गुट." एवढ्या एका शब्दावर आमचं मेतकूट जमलं. लेक म्हणायची, "अगं आई, तुमचं चालतं तरी कसं?"

संक्रांतीला लेकीने ओळखीच्या चार मराठी मुली हळदीकुंकवाला बोलावल्या. ग्वाल्हेरच्या दाल बाजारातून नेलेल्या तिळाच्या वड्या मी केल्या होत्या. म्हातारीही आली, ठेवणीतला निळा स्वेटर घालून. एकेकीला कुंकू लावत मी तिच्यापाशी आले. मुलींचं बघून तिने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

माझा हात थांबला. विधवा ना ती! मी तिच्या हातावर वडी ठेवली आणि पुढच्या मुलीकडे वळले. तिने डोळे उघडले, कपाळ चाचपलं, कोरं बोट पाहिलं. "गुट?" तिने विचारलं. "गुट, गुट," मी म्हटलं. भाषा येत नाही म्हणून सुटले, असंच वाटलं मला तेव्हा.

परत आलो, आणि भाद्रपदात हे गेले. ध्यानीमनी नसताना.

या संक्रांतीला नया बाजारातल्या आमच्या समोरच्या वहिनींचा फोन आला. चाळीस वर्षांची मैत्री. "हल्ली कोण पाळतं हो ते सगळं? तुम्ही याच," म्हणाल्या. मी वेडी, इस्त्रीची साडी नेसून गेले. वहिनींचं कुंकवाचं बोट माझ्या डावीकडच्या बाईच्या कपाळावरून उठलं आणि मला ओलांडून उजवीकडे गेलं. माझ्या हातावर वडी.

"ताई, वाईट नका वाटून घेऊ हं. घरात मोठी माणसं आहेत ना."

किती गोड मराठी! चुलीत जावो तो गोडवा. असा संताप आला! पण काढणार कोणावर? आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाची यादी इतकी वर्षं मीच करायची, आणि जिचा नवरा गेला तिचं नाव मीच खोडायची. वहिनी शेजारी बसून बघायच्या. माझंच शिकल्या त्या.

घरी येऊन वडी तशीच ओट्यावर ठेवली. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी म्हातारी, तोच निळा स्वेटर. कपाळावर लिपस्टिकचा हा एवढा लाल ठिपका, तिचा तिनेच लावलेला. ह्यांचं तिला लेकीने सांगितलं होतं.  म्हातारीने आपल्या ठिपक्यावर बोट टेकवलं आणि ते फोनवर दिसणाऱ्या माझ्या कपाळाला लावलं.

"गुट?" तिने विचारलं.

हो म्हणायला मला तोंडच नव्हतं.