जांभळ्या केसांची सुलाबाई

सुलाबाईचे केस बाविसाव्या वर्षीच पिकायला लागले. आधी कानशिलावर चार, मग भांगात, आणि दोन वर्षांत निम्मं डोकं पांढरं. तिच्या सासूला ते पाहवलं नाही. नवऱ्यापेक्षा बायको थोराड दिसते म्हणून लोक हसतील, असं म्हणत तिनं आटपाडीच्या बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणली आणि सुनेच्या हातात ठेवली. तेव्हापासून चोवीस वर्षं, दर वीस दिवसांनी, सुलाबाई परसात बसून डोकं काळं करत राहिली. सासू वारली, मेंढरं विकली गेली, नवरा कृष्णात तासगावात द्राक्षबागेत कामाला लागला, ती बेदाण्याच्या शेडात निवडणीला जाऊ लागली, मुलगी सृष्टी सांगलीला औषधशास्त्र शिकायला गेली. पुडीचा नेम मात्र चुकला नाही.

शेवटची दोन-तीन वर्षं रंग लावला की डोक्याला आग सुटायची. कानामागं खपल्या धरायच्या. सांगितलं तर बायका म्हणायच्या, सगळ्यांनाच थोडंफार चुरचुरतं. मग एका सकाळी ती उठली ती डोळे न उघडताच. पापण्या सुजून चिकटल्या होत्या, कपाळ फुगलेलं, श्वासाला घरघर. कृष्णातनं शेजाऱ्याच्या जीपमधून तिला सांगलीला नेलं. दोन दिवस सलाईन लागलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की काळ्या रंगातलं एक रसायन तिला सोसत नाही, आणि पुढच्या वेळी नुसते डोळेच नाही, श्वाससुद्धा बंद होऊ शकतो. आयुष्यात पुन्हा काळा रंग नाही.

सुलाबाईला त्या दिवशी वाईट वाटलं नाही. उलट डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. वर्षभर तिनं केस नुसते वाढू दिले. मुळापासून पांढरं आणि टोकाला काळं असं ध्यान काही महिने मिरवलं, आणि एक दिवस सृष्टीकडून काळा भाग सगळा कापून घेतला. राहिले ते मानेपर्यंतचे, चांदीसारखे, निर्भेळ पांढरे केस.

पण पांढऱ्या केसांनी तिला एका रात्रीत म्हातारी केलं. एसटीत वाहकानं तिला आजी म्हटलं आणि पंच्याहत्तरीच्या वरचं कार्ड मागितलं. पन्नाशीच पुरी व्हायची आहे, बायकांचं अर्धं तिकीट द्या, असं तिनं त्याला सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. शेडात तर कमालच झाली. मुकादम नाथाजीनं तिला निवडणीच्या पट्ट्यावरून उठवलं आणि झाडलोटीला लावलं. वय झालं, आता नजर पोचत नसेल, असं तो तिच्याशी न बोलता दुसऱ्याच बाईला म्हणाला.

सुलाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. तुमची सगळ्यांत तरबेज बाई माझ्यासमोर बसवा, दोघींना एकेक पाटी द्या, आणि काडी, खडा, काळा दाणा कोणाच्या मालात राहतो ते तुम्हीच बघा, असं तिनं नाथाजीला सांगितलं. शेडातल्या बायका हात थांबवून बघायला लागल्या, तेव्हा त्यालाही नाही म्हणता येईना. सुलाबाईची पाटी आधी झाली. नाथाजीनं बोटांनी दोनदा उकरून बघितली, त्यात एक काडी सापडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा पट्ट्यावर बसली, त्याच पांढऱ्या डोक्यानं.

म्हणजे पुढं तिनं जे केलं ते कामासाठी केलं असं कोणाला म्हणता येणार नाही.

सृष्टी सुट्टीला आली होती. तिच्या मोबाईलवर कुठल्याशा पोरीचे पिकल्या जांभळासारखे केस सुलाबाईला दिसले. हा रंग पांढऱ्यावर बसतो का, असं तिनं विचारलं. सृष्टी आधी हसली. मग आई चेष्टा करत नाहीये हे ध्यानात येऊन नीट सांगायला लागली. काळ्या केसांवर हा रंग दिसावा म्हणून पोरी आधी केसांचा मूळ रंग उडवून घेतात, त्यात केस जळतात. पांढऱ्या केसांना त्याची गरजच नाही. तपकिरी, मेहरून असले डब्यातले रंग नकोत, त्यांत बहुतेक वेळा तेच रसायन असतं. पण महिना-दीड महिन्यात धुवून जाणारे नुसते वरवरचे रंग वेगळे असतात.

"आई, पण लोकं काय म्हनतील?"

"म्हनू देत," सुलाबाई म्हणाली. "चोवीस वरसं दुसऱ्याला दिसावं म्हनून लावला. ह्यो मला पायजे म्हनून लावनार."

मात्र पापण्या चिकटल्याची ती सकाळ ती विसरली नव्हती. सृष्टीनं तीन रंगांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरांतली घटकांची यादी मोबाईलवर उतरवून घेतली आणि दोघी सांगलीला त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. त्यांनी दोन रंग बाद केले. एकात ते रसायन नाही म्हणाल्या, तरी आधी थेंबभर लावून बघायची अट घातली. सुलाबाईनं कानामागं आणि कोपराच्या आत वाटाण्याएवढा रंग लावला आणि दोन दिवस तो भाग ओला होऊ दिला नाही. शेडात बसल्याबसल्या दर तासाला तिचं बोट कानामागं जायचं. खाज नाही, लाली नाही. मग मानेवरची एक बट कापून तिच्यावर रंग चढवून बघितला. फार गडद झाला. म्हणून सृष्टीनं वाडग्यात रंगाच्या निम्मं पांढरं कंडिशनर मिसळलं, आणि पिकल्या जांभळाच्या गरासारखा लगदा झाला.

रविवारी परसात पाट मांडला. सुलाबाईनं जुना गाऊन घातला, कपाळाच्या कडेनं, कानांवर, मानेवर व्हॅसलिनचा जाड थर दिला. धुतलेल्या, कोरड्या केसांचे चार भाग करून सृष्टीनं चिमटे लावले आणि मागून सुरुवात केली. कानशिलावरचे केस सगळ्यांत चिवट, रंग धरेनात, तिथं दोनदा लावावा लागला. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून सुलाबाई पाऊण तास बसून राहिली आणि त्या वेळात तिनं मेथीची जुडी निवडली. धुताना थंड पाणीच घेतलं. न्हाणीच्या फरशीवरून जांभळं पाणी वाहत गेलं, ते पार नितळ होईपर्यंत सृष्टी ओतत राहिली.

आरशात सुलाबाईनं बराच वेळ बघितलं. डाव्या कानाची पाळी रंगली होती आणि भांगाजवळ एक पट्टा फिकट राहिला होता. तरी तिला तो चेहरा ओळखीचा वाटला.

कृष्णात बागेतून आला, दारात थांबला, आणि चहा मागितला. एवढंच.

बोंब झाली ती पंधरा दिवसांनी. कृष्णातचा थोरला भाऊ दादासो आटपाडीकडं मूळ गावातच राहतो. त्याचा मुलगा शंभूराज चार वर्षं तासगावात सुलाबाईच्या घरी राहून शिकला होता. त्याच्या कांजिण्या तिनं काढल्या, त्याचे डबे तिनं भरले. आता त्याचं लग्न ठरलं होतं. तेवढ्यात कोणीतरी सुलाबाईचा फोटो दादासोला दाखवला. त्यानं भावाला फोन करून निरोप दिला की बायकोला काळं डोकं करून आण, नाहीतर आणूच नको. सोयरे काय म्हणतील?

काळा रंग लावला तर मी मरेन, हे त्याला माहीत नाही का, असं सुलाबाईनं नवऱ्याला विचारलं. कृष्णातनं भावाला ते सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी शंभूराजचाच फोन आला.

"काकू, तुमी याच. पर तेवडा पदर घट्ट घ्या की. एक दिवसाचा तर प्रश्न हाय."

सुलाबाईनं बरं म्हणून फोन ठेवला. दादासोच्या बोलण्यानं तिला राग आला होता. ह्या पोराच्या बोलण्यावर ती जेवणाचं ताट तसंच ठेवून उठली. तिनं थोरल्या दिरासमोर एकोणतीस वर्षं डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. ते तिला कधी जड गेलं नाही. आता मात्र त्याच पदराखाली लपून ये म्हणत होते.

हळदीच्या आदल्या दिवशी तिनं रंग पुन्हा लावला. या वेळी कंडिशनर कमी घातलं.

हळदीला मांडव गच्च भरलेला. सुलाबाई हिरवं लुगडं नेसून, केसांचा छोटा अंबाडा घालून, पदर खांद्यावर घेऊन आत शिरली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. दादासो खांबाजवळ उभा होता. तिच्याकडं न बघता तो भावाला म्हणाला, "कृष्णात, तुज्या बायकूला सांग, डोईवर पदर घे म्हनावं."

"त्यास्नी कशाला सांगता, भावजी?" सुलाबाई म्हणाली. "मी हितंच हाय. मला सांगा."

दादासोनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी थेट बोलली नव्हती.

"तुमच्या आईनं काळं लावाय सांगितलं, लावलं. त्यात माजं डोळं मिटलं, तवा दवाखान्यात ह्या घरातलं कोन आलं न्हाई. तुमच्यासमूर मी पदर घेत हुते तो मानापोटी. लाज झाकाय न्हाई घेतला, आन् घेनार बी न्हाई. मला हाकलायचं आसंल तर आता, सगळ्यांसमूर हाकला."

कोणी हाकललं नाही. तिची जाऊ बनुबाई हळदीची वाटी घेऊन बसली होती. तिनं दादासोकडं बघितलं, सुलाबाईकडं बघितलं, आणि वाटी मांडीवरच धरून ठेवली. सुलाबाई पुढं गेली, वाकली, स्वतःच दोन बोटं हळदीत बुडवली आणि शंभूराजच्या गालाला लावली. पोरगा मान खाली घालून बसला होता. तिनं त्याची हनुवटी वर केली नाही. पाय, गुडघे, खांदे, कपाळ, सगळीकडं रीतसर हळद लावून ती बायकांच्या ओळीत जाऊन बसली. शेजारची म्हातारी जराशी सरकली. जागा द्यायला की अंतर ठेवायला, ते कळलं नाही.

फोटोच्या वेळी दादासोनं घरच्यांना हाका मारल्या, तिला मारली नाही. ती आपणहून जाऊन कृष्णातच्या शेजारी उभी राहिली. कृष्णात जागचा हलला नाही. तिच्यासाठी तेवढं पुरे होतं, असं ती नंतर सृष्टीला म्हणाली.

त्याला आता दोन वर्षं झाली. दादासो अजून तिच्याशी बोलत नाही आणि तासगावला आला तरी घरी येत नाही. गावातल्या काही घरांतून तिला बोलावणं येणं थांबलं. याचं तिला काहीच वाटत नाही असं नाही, पण रंग तिनं सोडला नाही. आठवड्यातून दोनदाच केस धुते, तेही थंड पाण्यानं, सौम्य शाम्पूनं. घाम आला की रंग उतरतो म्हणून शेडात टोपीखाली सुती फडका बांधते. उशीला ठेवणीतला नाही, जुना अभ्रा घालते. पाचव्या आठवड्याला रंग विटून राखाडीवर येतो, मुळं पांढरी दिसायला लागतात, तेव्हा पुन्हा पाट मांडते. आणि दर नव्या खोक्याच्या वेळी कानामागं थेंब लावून दोन दिवस थांबते, त्यात एकदाही हयगय नाही.

एकदा सृष्टी परीक्षेमुळं येऊ शकली नाही, तेव्हा मागचे केस कोण रंगवणार हा प्रश्न आला. सुलाबाई दोन आरसे घेऊन झटत होती. कृष्णात जरा वेळ बघत राहिला आणि त्यानं हातमोजे मागितले.

"आवं, तुमाला जमंल का?"

"तीनशे मेंढरांच्या पाठीवर खुना केल्यात म्या," तो म्हणाला. "मान खाली घाल."

त्यानं सृष्टीपेक्षा सारखा रंग लावला. तेव्हापासून मागची बाजू त्याच्याकडंच आहे.

गेल्या आठवड्यात शंभूराजच्या मुलीच्या बारशाचं बोलावणं आलं. या वेळी पदराबद्दल कोणी काही बोललं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. सुलाबाईनं तारीख विचारली, आठवडे मोजले, आणि सृष्टीला फोन करून सांगितलं की ह्या खेपेला एक छटा गडद आण, आणि आधी खोक्यावरची यादी वाचून दाखव.