प्रत्येक दिवसाचं कारण

शांतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत एका पक्षकाराच्या अपिलाचे दिवस बोटांवर मोजत होते. मोजणं पुरं केलं आणि मग उठले. आता महिना उलटून गेला, तरी त्या दोन मिनिटांची लाज जात नाही. छावणी भागातल्या तिच्या भाड्याच्या खोलीसमोर नातेवाईक म्हणत होते, सुटली बिचारी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की सुटायला तिला काय झालं होतं? तिचं घर गेलं आणि आपण सगळे बघत राहिलो... पण बोलले नाही. त्या ‘आपण’मध्ये पहिलं नाव माझंच होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. देवगाव रंगारीहून लग्न होऊन शहरात आली आणि लवकरच एकटी पडली. एका शाळेत आया म्हणून तिनं उभी हयात काढली. दौलताबादच्या रस्त्याला, जिथं तेव्हा कुत्रंही फिरकत नव्हतं, तिथं तिनं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. विटांवर पाणी स्वतः मारलं, दाराला निळा रंग स्वतः दिला. पुढं शहर सरकत सरकत तिच्या दारात आलं, आणि त्याच्या मागोमाग एक गृहस्थ त्याच प्लॉटचं जुनं खरेदीखत घेऊन आले. दावा चालला, निकाल मावशीच्या विरुद्ध गेला. वरच्या कोर्टात अपील करायला तीस दिवस असतात.

मी तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. घराण्यातली पहिली वकील होणार म्हणून अंगात वारं भरलेलं! अपिलाला निकालाची नक्कल लागते. ती मागायचा अर्ज मीच लिहून दिला आणि छातीठोकपणे सांगितलं, “मावशी, नक्कल हातात पडेपर्यंत दिवस मोजतच नाहीत. तू निवांत राहा.” मी अर्धंच वाचलं होतं. नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस तेवढे सुटतात. त्यानंतर ती कोर्टाच्या कपाटात पडून राहिली तर तो उशीर तुमचा. नक्कल आठवड्यात तयार झाली होती. पण ते दुष्काळाचं वर्ष, टँकरचा काही नेम नाही, शाळा सुटली की मावशी ड्रम घेऊन रांगेत. माझ्या भरवशावर ती निवांत राहिली आणि दोन महिन्यांनी नक्कल आणायला गेली. अपील दाखल होईपर्यंत चाळीस दिवसांचा उशीर भरला.

मावशीच्या वकीलसाहेबांनी विलंब माफीचा अर्ज लिहायला घेतला. त्यात उशिराच्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागतं. त्यांच्याकडे कारण तयारच होतं, कावीळ. डॉक्टरचा दाखलाही मिळणार होता. सहीसाठी हातात घेतलेलं पेन मावशीनं खाली ठेवलं.

“मला कुठं कावीळ झाली व्हती, साहेब? आजारी पडायला तरी येळ पायजे की. मी टँकरच्या लाईनीत व्हते, तेच लिव्हा.”

“अहो बाई, कोर्टाला कागद लागतो. पाण्याच्या रांगेची पावती असते का?”

“नाय. पण खरं हाय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, “दिवस मोजण्याबद्दल तुम्हाला कुणी चुकीचं सांगितलं होतं का? तसं असेल तर तेही लिहिता येईल.”

मी तिच्या शेजारीच बसले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “कुणी नाय सांगितलं. मलाच कळलं नाय.”

आणि मी... मी गप्प बसले. सनद अजून मिळायची होती, पण नाक आधीच वर गेलं होतं.

अर्ज फेटाळला गेला. पाणीटंचाई साऱ्या शहरालाच होती, सबब ते पुरेसं कारण नाही, असं आदेशात होतं. दुःख सगळ्यांचं असलं की ते कारण राहत नाही, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. प्लॉट खरा कुणाचा, हे तर कुणी उघडूनही पाहिलं नाही. हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊ म्हटलं तर मावशी म्हणाली, “बास झालं मंजू. आजून किती दिस मोजायचे?” तिच्या प्लॉटवर आता चार मजली इमारत आहे. टँकर थेट गेटच्या आत जातो, रांग लागत नाही.

परवा तिची खोली रिकामी करायला गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात तिचं बारीक, वाकडं अक्षर. दळण आणलं. गुडघा दुखला. नळ आला नाय. घरमालकीण म्हणाली, इथं आल्यापासून रोजचं लिहायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पायजे.

पूर्वी मी दर रविवारी तिच्याकडे जायची. शेवटचे दोन महिने फिरकले नाही. कारण म्हणावं असं काहीच नव्हतं, नुसतं उद्या जाऊ, उद्या जाऊ. मी भिंतीजवळ उभी राहून ते रविवार वाचत गेले.

मंजू आली नाय. काम घरी आणलं आसंल.

मंजू आली नाय. तिलाच बरं नसंल.

मंजू आली नाय. ऊन लई हाय.