नंदाने ताट सोडलं नाही

नंदाच्या घरात औक्षणाचं ताट नेहमी नणंदेच्याच हातात असायचं. नंदाने वात वळायची, निरांजनात तूप घालायचं, सुपारी आणि सोन्याची अंगठी मांडायची, आणि मग ताट अहिल्याताईंकडे देऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहायचं. नवरा, श्रीराम, गेला तेव्हा लेक आन्या सहा वर्षांची होती. त्या काळी अमेरिकेतल्या या पार्सिपनीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, तरी विधवेने ओवाळू नये हा नियम मात्र बिनबोभाट इथे येऊन पोचला होता. त्याला कुणी व्हिसासुद्धा विचारला नाही.

तशी नंदा काही भित्री नव्हती. नवऱ्यामागे ती बर्फात गाडी चालवायला शिकली, डेकेअरमध्ये दुसऱ्यांची पोरं सांभाळून तिने स्वतःची पोरगी इंजिनिअर केली. पण ताटाचा विषय आला की गप्प बसायची. उगाच लेकीच्या वाट्याला काही वाईट यायला नको, एवढंच. आन्याच्या ग्रॅज्युएशनला अहिल्याताईंनी ओवाळलं, लग्नातही त्यांनीच.

मग आन्या अंतराळात जायला निघाली. तिच्या कंपनीचं यान पुन्हा पुन्हा वापरता येणारं. आदल्या वर्षी ते रिकामं वर जाऊन परत आलं होतं. आता त्याच यानात पहिल्यांदा माणसं बसणार होती, दोनच, आणि त्यांतली एक आन्या. क्वारंटाइनमध्ये जाण्याआधी ती एक दिवस घरी आली आणि आईला फोनवर फोटो दाखवू लागली. यानाचं पोट काळंठिक्कर पडलं होतं.

"अगं, या जळक्यात बसणार तू?"

"मॉम, दॅट्स द पॉइंट! आगीतून एकदा परत आलंय ना, म्हणून तर आम्ही ट्रस्ट करतो त्याला."

नंदा त्या फोटोकडे बघतच राहिली. होरपळून आलेल्या यानाला कुणी दाराशी उभं केलं नव्हतं. उलट त्याच्या भरवशावर पोटची पोर पाठवायची होती. आणि आपण? इतकी वर्षं? तिच्या डोक्यात तिडीक गेली.

घरात पाट नव्हताच, म्हणून ओवाळून घ्यायला आन्या किचनमधल्या बुटक्या स्टुलावर बसली. अहिल्याताईंनी सवयीने हात पुढे केले. नंदाने ताट सोडलं नाही.

"मी ओवाळणार."

"नंदा, आज नको गं हट्ट करूस. केवढी रिस्क आहे! मी सवाष्ण आहे म्हणून म्हणते. काही झालं तर?"

"तर सगळे मला बोलतील. मीही स्वतःला बोलेन. ठाऊक आहे मला, ताई. तरी मीच ओवाळणार."

कुंकू वाकडंतिकडं लागलं. आन्याने ते पुसलं नाही.

यान वर गेलं ते ठीक गेलं. परतीच्या दिवशी दोघी नणंद-भावजय नंदाच्या सोफ्यावर टीव्हीसमोर बसल्या. यान वातावरणात शिरलं की काही मिनिटं संपर्क तुटतो, हे आन्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पण प्रत्यक्षात टीव्हीवरचा माणूस गप्प झाला आणि अहिल्याताई पडद्याऐवजी नंदाच्या हातांकडे बघू लागल्या. आपण हे काय करून बसलो, असं नंदाच्याही मनात आलंच. तिने हात लपवले मात्र नाहीत.

"बघा खुशाल," ती म्हणाली.

मग टीव्हीवर आन्याचा आवाज खरखरला, समुद्रावर पॅराशूट उघडली आणि नंदा ढसाढसा रडली.

आन्या घरी आली त्या दिवशी अहिल्याताईंनी स्वतः ताट सजवलं, भाकरतुकडा ठेवला आणि दारात नंदापुढे धरलं. "घे, नंदा. तुझ्याच हाताला गुण आहे गं."

नंदाने ताट लगेच घेतलं नाही.

"हाताला गुणबिण काही नाही, ताई. यान आलं ते बनवणाऱ्यांनी नीट बनवलं म्हणून. पण नसतं आलं, तर हे ताट मला दिलं असतं तुम्ही?"

अहिल्याताई एका हाताने ताटातला भाकरतुकडा सारखा करू लागल्या. दारात आन्या बॅग घेऊन तशीच उभी.

"लेक माझी," नंदा म्हणाली. "ती परत आली नसती, तरी ताट माझंच होतं."

आणि तिने ते ओढून घेतलं.