चाळीस मिनिटांचा पाहुणा

भिंग्या पुन्हा प्यायला लागला, ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी फोडली. पुरावा अगदी पक्का: रोज संध्याकाळी सहाला दाराला आतून कडी, आणि मग काचेवर काच वाजल्याचा किणकिणाट. "एकटाच पितो हो मेला, सोबतीलासुद्धा कुणी नाही!" असं म्हणत मावशी दोन दिवस जिनाभर हळहळ वाटत फिरल्या. तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त करायला प्लंबर त्याच्या घरात शिरला आणि सगळ्यांच्या करमणुकीवर पाणी पडलं. बाटली एकही नव्हती. जमिनीवर चष्म्याच्या टाकाऊ काचांचा ढीग, पुढ्यात बरण्या, आणि भिंग्या एकेक काच उजेडात धरून नंबराप्रमाणे बरणीत टाकतोय. सहा ते सात ही त्याची जुनी गुत्त्याची वेळ. त्या तासाला काहीतरी खायला घालावं लागतं, नाहीतर तो माणसालाच खातो.

भिंग्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवतो. पुढे मालक, गिऱ्हाईकं आणि आरसे. मागच्या खोलीत हा आणि त्याचं चाक. चाकाची एकसुरी घरघर त्याला चालते. माणसांची चालत नाही. चौघं एकदम बोलू लागली की कुणी डोक्यात भांडी फेकतंय असं त्याला होतं.

बाविसाव्या वर्षी एका लग्नात त्याला यावर उतारा सापडला. दोन पेले पोटात गेले आणि सगळे आवाज जणू शेजारच्या खोलीत जाऊन बसले. तोवर घुम्या म्हणून ओळखला जाणारा हा गडी त्या दिवशी मंडपात एकेकाच्या नकला करत सुटला. हसून हसून लोकांची पोटं दुखली. मग काय, त्याच्याशिवाय बैठक रंगेना. त्याला पाजण्यात शेजारपाजारही मागे नव्हता, खोटं कशाला बोला? फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारावर मात्र कुणी थाप मारत नसे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. बाकीचे दारूसाठी तळमळत होते. हा ट्यूबलाइटची गुणगुण बंद करा म्हणून हात जोडत होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी ते बरोबर हेरलं. चार-सहा बैठका झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला ऑटिझम आहे. जन्मापासून. दारू हे तुम्ही स्वतःच शोधलेलं औषध."

"मग खरं औषध द्या."

"तसं नसतं. एकेका गोष्टीची सोय लावावी लागेल."

त्याने ती लावली. केंद्रातल्या गटात सगळे गोल बसून मन मोकळं करत. हा दाराशी बसे आणि आपलं म्हणणं कागदावर लिहून देई. चौदा महिने थेंब नाही. आणि चौदा महिन्यांत कुणाचं आमंत्रणही नाही. सुधारलेल्या माणसाला बोलावून करायचं काय?

बोलावलं ते फक्त ताईने. भाऊजींच्या निवृत्तीचं जेवण होतं. न जावं, तर जगात हक्काचं माणूस एवढंच. जावं, तर कोरडा राहून तो वीस वर्षांत कुठल्याही पंगतीत टिकला नव्हता.

"चाळीस मिनिटं ये रे. मी आहे ना," ताई फोनवर म्हणाली.

त्याने चिठ्ठी लिहून धाडली: साडेसहा ते सात दहा. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी. पाणी माझं मी आणीन. हातात कुणी पेला देऊ नये. ताई हसली, "करारच केलास की!" पण नवऱ्याला ती चिठ्ठी दाखवायची तिला लाज वाटली. तीस पाहुण्यांत हे कुठे सांगत बसा, म्हणून तिने ती डब्याखाली सारली.

तो पोचला तेव्हा गाणी मोठ्याने चालू होती आणि त्याच्या खुर्चीवर पाहुण्यांच्या पिशव्यांचा डोंगर होता. तो ओट्याला पाठ लावून उभा राहिला. इतक्यात एका काकांच्या चष्म्याची काडी निखळली. भिंग्याने खिशातला बारका पेचकस काढून ती बसवून दिली. मग दुसरा चष्मा आला, तिसरा आला. चष्मा काढलेला माणूस जरा हळू बोलतो, हे त्याला तिथे कळलं. कसा आहेस, असं कुणी विचारलं नाही. एका बाईंनी ताईला विचारलं, "दुकानातून माणूस बोलावलास होय गं? बरी सोय केलीस."

सातला पाच कमी असताना भाऊजी आले. एका हातात स्वतःचा पेला, दुसऱ्या हातात याच्यासाठी भरलेला.

"अरे भिंग्या, इथे काय कारखाना मांडलास? घे, आणि चल बाहेर. सगळे तुझ्या नकलांची वाट बघतायत."

"नको, भाऊजी."

"एकाने काय होतंय? माझा दिवस आहे आज!" त्यांनी पेला त्याच्या हातात दिलाच.

वास ओळखीचा होता. हे घशाखाली गेलं की गाणी शेजारच्या खोलीत जातील, हे त्याला नीट ठाऊक होतं. त्याने ताईकडे पाहिलं. ती दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून त्याला बऱ्याचदा काही उमगत नाही; पण या वेळी उमगलं. तिलाही तो नकला करणारा भाऊ घटकाभर हवा होता.

"काय मजेदार होतास रे तेव्हा," भाऊजी कळवळून म्हणाले. "आम्हाला फार आवडायचास."

भिंग्याने पेला मोरीत उपडा केला, विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

"मलाही आवडायचा तो, भाऊजी. पण संध्याकाळी तो तुमच्याकडे असायचा, आणि सकाळी माझ्याकडे."